नवरा चर्चला जायला लागलाय, आता आमचा संसार टिकेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर काही महिन्यांपासून चर्चला जातात, दारू सुटलीये, पण देव्हाऱ्यावरून आणि सासूबाईंवरून घरात रोज वाद होतात. ख्रिस्ती विश्वासाने संसार सुधारतो की मोडतो, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय, म्हणून लिहिते. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाच्या बाजूला राहतो. मिस्टर यंत्रमागावर कामाला होते, मी बालवाडी घेते. ख्रिस्ती विश्वासात आधी ते आले, मी बऱ्याच वर्षांनी.

माझ्या मते संसार सुधारतो, पण विश्वास मिळालेला माणूस आधी स्वतःला बदलायला लागला तरच. तो बायकोला बदलायला निघाला की घरात शांतता राहत नाही.

पूर्वी पगाराच्या दिवशी मी कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहायचे, नाहीतर घरी निम्मेच पैसे यायचे. चर्चला जायला लागल्यावर एकदा ते आपणहून लवकर आले. सासूबाई भाकरी थापत होत्या. मिस्टरांनी पगाराचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि आईच्या देखत म्हणाले, "मी तुला मारलं, नको ते बोललो. माझं चुकलं." सासूबाईंचा हात परातीतच थांबला. नवऱ्याने बायकोची माफी मागायची, तीही आईसमोर, असं आमच्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. नंतर कळलं की त्या रविवारी चर्चमध्ये बायबलातल्या मत्तयाच्या 5 व्या अध्यायावर प्रवचन होतं: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि कुणाचं मन तुझ्यामुळे दुखावलंय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ते ऐकून हा माणूस घरी आला होता. दारू सुटण्यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

दारूचंही सांगते. नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिटही येऊ शकते. जिवावर बेतू शकतं. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी यांना स्वतः सिव्हिलला नेलं आणि औषधं सुरू करून दिली. प्रार्थना चालू होती, गोळ्याही चालू होत्या.

आता देव्हारा. नव्या जोशात हेही म्हणाले होते की घरात मूर्ती नकोत. मी नाही म्हटलं. गोष्ट पाळकसाहेबांपर्यंत, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपर्यंत गेली. ते घरी आले, चहा घेतला आणि यांना म्हणाले, "देव्हारा ताईंचा आणि तुमच्या आईचा आहे, त्याला हात लावायचा नाही." मग त्यांनी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 7 वा अध्याय वाचून दाखवला. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने तिथे स्पष्ट लिहिलंय, बायको विश्वासात नसली आणि ती सोबत नांदायला राजी असली, तर तिला सोडू नये. हा अध्याय तुमच्या मिस्टरांना वाचायला सांगा. काही पुरुष इफिसकरांच्या पत्रातलं "स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा" तेवढंच पाठ करतात. त्याच्या आधीच्याच वचनात एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलंय आणि पुढे नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी बायकोवर प्रीती कर. वचनं सांगून कुणी हात उगारत असेल तर त्याला विश्वास म्हणू नका. 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा, आणि माहेरी लपवू नका.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या परत नांदायला आल्या त्या आपला धर्म सांभाळूनच, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. मला या बाईंचा फार आधार वाटला. आपलं मन तयार व्हायला जो वेळ लागतो, तो देवही देतो.

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत ख्रिस्ती झाल्या नाहीत. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला, अक्षता सोहळ्याला त्यांना हेच घेऊन जायचे, गर्दीत हात धरून उभे राहायचे. नातेवाईक आधी बोलायचे, "धर्म बुडवला." पण आजारपणात आईचं अंथरूण हेच धुतात हे पाहिल्यावर बोलणं कमी झालं. नाताळच्या करंज्या मात्र सासूबाईच तळायच्या. माझ्या हाताच्या फुटतात म्हणायच्या.

कागदोपत्री गोष्टीही माहीत असू द्या. लग्न हिंदू पद्धतीने झालं असेल तर जोडीदाराने धर्म बदलला म्हणून ते आपोआप मोडत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने दुसऱ्याला त्या कारणावरून घटस्फोट मागता येतो, इतकंच. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही; 1950 चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश तसा आहे. मुलांच्या शिक्षणावर याचा परिणाम होतो, तेव्हा बाप्तिस्म्याआधी दोघांनी वकिलाकडे बसून नीट विचारून घ्या.

शेवटी तुम्ही विचारलंय, त्यांच्यासोबत चर्चला जाऊ का. जावंसं वाटत असेल तर एखाद्या रविवारी जा. साडी-कुंकवातच जा, मागच्या बाकावर बसा, पेटी-तबल्यावरची भजनं ऐका. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या वेळी उठायची तुम्हाला गरज नाही, कुणी आग्रहही करू नये. आणि जावंसं वाटत नसेल तर मिस्टरांना सरळ सांगा, "तुम्ही जाऊन या, मी स्वयंपाक करून ठेवते, दुपारी एकत्र जेवू." ते खरंच बदलले असतील तर जेवायला वेळेवर येतील.