मापाचा ब्लाउज पाठव, नुसते आकडे नको

प्रश्न : ताई, माझं माहेर नागपूरचं, प्रतापनगर. सध्या जर्मनीत स्टुटगार्टला असते. मे महिन्यात आले तेव्हा इतवारीतून दोन करवतकाठी टसर साड्या घेतल्या, पण ब्लाउज शिवायला वेळच नाही मिळाला, ब्लाउजपीस कापून आईकडे ठेवून आले. नंतर व्हॉट्सअॅपवर माप पाठवून एक साधा ब्लाउज शिवून मागवला तर मुंढ्यात इतका घट्ट की हात वर जात नाही आणि पुढून ढगळा. इथे शिवायचं तर शिलाई साडीपेक्षा महाग. दिवाळीच्या कार्यक्रमाला घालायचे आहेत, काय करू? पार्सलवर टॅक्स लागतो का?

उत्तर : अगं, व्हॉट्सअॅपवर माप पाठवलं की असंच होते. माप कोणी घेतलं, श्वास रोखून घेतलं का, आत कुठलं इनर होतं, स्वेटरवरून तर नाही नं घेतलं, हे इथे बसलेल्या मास्टरला कसं कळणार? छाती-कंबर निभते गं, गोची होते ती मुंढा, खांदा आणि टक्स पॉइंटला (छातीवर फिटिंगसाठी घेतलेल्या चुणीचं टोक). टक्स पॉइंट खांद्यापासून किती खाली, दोन टक्समध्ये अंतर किती, हे बहुतेक जणी लिहीतच नाहीत, मग मास्टर अंदाजानी कापतो. त्यात तिकडच्या टेपवर सेंटिमीटर, आपल्या मास्टरच्या डोक्यात इंच (1 इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर), आणि घाईत अर्धा-पाऊण इंच इकडचा तिकडे होऊन जाते.

म्हणून मापाचा ब्लाउज पाठव. आत्ता बसतो तो, लग्नातला नाही! कोणी येणारं असेल तर त्यांच्याजवळ दे, नाहीतर पोस्टानी. आणि तसा एकही नसेल तर टसरला हातच लावू देऊ नको. आधी रुबिया किंवा टू बाय टू अशा नेहमीच्या ब्लाउजच्या साध्या कापडाचा ब्लाउज शिवून घे, घालून बघ, हात वर कर, खाली बस, जिथे ओढतो तिथे पिना लावून फोटो पाठव आणि मास्टरला व्हिडिओ कॉलवर दाखव. मास्टरला सांगून ठेवायचं की माझं ड्राफ्टिंग, म्हणजे मापाचा आराखडा, ब्राउन पेपरवर कापून नावानिशी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ही सगळी कटकट नाही. हे सगळं टसरसाठी का सांगून ऱ्हायली, तर टसर उसवलं की सुईची भोकं दिसतात, कॉटनसारखी धुतल्यावर बुजत नाहीत.

दोन्ही बाजूंना आत एक-दीड इंच मार्जिन, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायला सांग. काही मास्टर कापड वाचवायला किंवा सफाई दिसावी म्हणून मार्जिन कापून टाकतात, त्यांना स्पष्ट बोल. ब्लाउजपीस 80 सेंटिमीटरचा असेल तर कोपरापर्यंत बाही आणि मोठं मार्जिन दोन्ही बसणं कठीण, मग बाही छोटी कर पण मार्जिन सोडू नको. अस्तर कॉटनचं असेल तर कापायच्या आधी पाण्यातून काढलंच पाहिजे, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरचं टसर चुण्या पडून लोंबते. (टसर मशीनमध्ये टाकणार नाहीस असं गृहीत धरते. ड्रायरमध्ये तर नाहीच नाही.)

तो घट्ट ब्लाउजही फेकू नको. आत मार्जिन असेल तर तुमच्याकडे गल्लोगल्ली तुर्की लोकांची कपडे आल्टर करायची दुकानं असतात, त्यांना आपला ब्लाउज कापता नाही येणार कदाचित, पण बाजूची शिलाई सोडून सैल करणं त्यांच्या हातचा मळ आहे. उद्या टसरच्या ब्लाउजची शेवटची अर्ध्या इंचाची फिटिंगही तिथेच होऊन जाईल.

आता टॅक्स. आईनी तुला भेट म्हणून पाठवलेलं 45 युरोपर्यंतचं पार्सल जर्मनीत फ्री येते, त्याच्यावर गेलं की कर लागतो आणि वर कुरिअरवाल्यांचा हँडलिंग चार्ज. कस्टमच्या फॉर्मवर किंमत खरीच लिहायची, खूपच कमी लिहिली तर ते बिल मागतात आणि पार्सल तिथेच अडकते. विमानानी येणारी व्यक्ती मात्र स्वतःसोबत 430 युरोपर्यंतचं सामान आणू शकते, पण स्वतःच्या वापराचं किंवा भेट द्यायचं.

आणि बाई, दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडचे चांगले मास्टर नवीन कापड घेतच नाहीत, लगेच लग्नसराई लागते त्यांना. गणपतीच्या आतच आईला कापड घेऊन पाठव.

प्रश्न : मी कामानिमित्त दुबईत आहे. ऑफिसचे शर्ट-पँट सुटीत नागपूरला शिवावे की तिकडेच?

उत्तर : तिकडेच शिवा, कापड इथून न्या. सतवा भागात आणि बर दुबईच्या मीना बाजारात टेलरांची कमी नाही, ट्रायल देता येते आणि बिघडलं तर परत जाता येते, यापेक्षा अजून काय पाहिजे. कापड गांधीबागच्या कापड बाजारातून घ्या, पण पन्हा (कापडाची रुंदी) विचारून. 58 इंच पन्ह्यात फुल शर्टला 1.60 मीटर आणि पँटला 1.20 मीटर साधारण पुरते. उंच असाल, पोट असेल किंवा चेक्स जुळवायचे असतील तर थोडं जास्तीचं घ्या, तेच कापड तिकडे शोधत बसण्यापेक्षा बरं. कॉटन असेल तर घरीच एकदा भिजवून, वाळवून, इस्त्री करून बॅगेत टाका.