फोटो मशीननं वाचला, मग सही कुणाची?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही अहमदपूर तालुक्यातले. आण्णांना महिनाभर खोकला होता म्हणून एका खासगी दवाखान्यात नेलं, एक रात्र अॅडमिट केलं, छातीचा फोटो काढला आणि दहा मिनिटात रिपोर्ट हातात. फोटोवर लाल डाग आणि खाली लिहिलेलं, टीबी स्कोर ८७. डॉक्टरांनी फोटो नीट बघितला पण नाही, म्हणले एआयनं सांगितलंय, ते चुकत नसतं, उद्यापासून गोळ्या चालू करा. घरात रडारड, आईनं आण्णांचं ताट-तांब्या वेगळा केला. मग मेव्हणा म्हणला एकदा सरकारी दवाखान्यात दाखवू, तिथं बेडका तपासला तर काहीच निघालं नाही. वीस वर्षाखाली आण्णांना टीबी होऊन गेलेला, त्याचाच जुना व्रण आहे म्हणले. आता पहिल्या ठिकाणी फोटोची फाईल मागितली तर सिस्टिममधली आहे, देता येत नाही म्हणतात. आमचा काही हक्क आहे का नाही?

उत्तर : आहे ना दादा, चांगला लेखी हक्क आहे. पण आधी आईला सांगा, ताट-तांब्या परत एकत्र करा म्हणून.

त्या ८७ चा अर्थ शंभरात सत्त्याऐंशी टक्के टीबी असा नसतो. पुष्कळ लोक तसंच वाचतात, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरपण. तो एआयनं, म्हणजे फोटो वाचणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं, दिलेला एक आकडा असतो, किती आकड्याच्या वर संशय धरायचा ती रेघ वापरणारेच ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांसाठी असे प्रोग्रॅम चालतील म्हणून सांगितलं, पण कशासाठी, तर पुढची तपासणी कुणाची करायची ते निवडायला. फोटोत संशय आला की बेडका सीबीनॅटसारख्या, टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर तपासायचा, तो या कामाचा पुढचा टप्पा, आणि तोच तुमच्या आण्णांच्या बाबतीत गाळला. जुन्या टीबीचे व्रण बघून हे प्रोग्रॅम फसतात ही माहीत असलेली गोष्ट आहे. आधी टीबी झाला होता का एवढं एक वाक्य विचारलं असतं तर निम्मा गोंधळ टळला असता. मशीन ते विचारत नाही, माणसानं विचारायचं असतं.

मी एआयच्या विरोधात नाही बरं का. जिथं फोटो वाचणारा रेडिओलॉजिस्ट तालुक्यात शोधून सापडत नाही तिथं लपलेला टीबी यानं पकडला जातो, ते चांगलंच आहे. पण जबाबदारी मशीनवर टाकता येत नाही. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) मार्च २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात माणसाची देखरेख हवी असं स्पष्ट म्हणलंय. म्हणून रिपोर्ट काढा आणि खाली बघा, डॉक्टरची सही आणि मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का. नसला तर हा रिपोर्ट कोणत्या डॉक्टरनं वाचला, असं सरळ विचारा. आवाज न चढवता विचारा, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.

आता फाईल. डॉक्टरांसाठीचे २००२ चे जे नियम आहेत त्यात पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासात द्यायचं असं आहे, आणि अॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं सांभाळायचं. सिस्टिममध्ये आहे म्हणजे काय, सीडीवर नाहीतर पेन ड्राइव्हवर काढून द्या म्हणा. तोंडी मागू नका, साध्या कागदावर अर्ज लिहा, पेशंटचं नाव, तारीख, काय काय पाहिजे ते (फोटोची मूळ फाईल, एआयचा रिपोर्ट, केसपेपर), दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. पोच देत नसले तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. माझा अनुभव असा की पोच मागितली की निम्म्या ठिकाणी फाईल लगेच सापडते. तरी नाहीच दिली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हापण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतला हक्क आहे, मेव्हण्यानं नकळत तोच बजावला.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यातून लिहितेय. गावात शुगरवाल्यांचे डोळे तपासायचा कॅम्प होता, कॉम्प्युटर डोळ्याचा फोटो बघून सांगतो म्हणले. सासूबाईंचा एका इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतला, मोबाईल नंबर घेतला, आभा कार्ड पण मागत होते. नाही म्हणलं तर चालतं का?

उत्तर : चालतं. आभा म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य ओळखपत्र, ते ऐच्छिक आहे, त्याच्यावाचून तपासणी अडवू नये. अंगठ्याचं मात्र मला खटकलं. समीरा कोहली प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००८ लाच सांगितलंय की पेशंटला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, तर सासूबाईंना जे वाचता येत नाही त्याच्यावर अंगठा घेऊन काय उपयोग? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मराठीतून माहिती मागायचा आणि दिलेली संमती मागं घ्यायचा हक्क आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही कलमं लागू व्हायला त्यापुढं १८ महिन्यांची मुदत आहे, तेव्हा आज त्याच्या भरवशावर भांडू नका. पुढच्या वेळी फॉर्म मराठीत वाचून दाखवा म्हणा आणि एवढं विचारा, फोटो फक्त सासूबाईंच्या तपासणीला वापरणार का प्रोग्रॅम शिकवायला कंपनीला देणार? दुसऱ्या कामाला वेगळी संमती लागते, ती नाकारून तपासणी करून घेता आली पाहिजे.

आणि त्या फोटोचा रिपोर्ट आला का हो? नसला तर आशाताईंना गाठा, शुगरनं डोळ्याचा पडदा खराब होताना सुरुवातीला काहीच दुखत नाही आणि दिसायलापण कमी येत नाही.