वाचक विचारतात : खुब्याचे हाड मोडल्यावर

घरातली वडीलधारी माणसे पडतात तेव्हा काय करावे, यावरच्या आमच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक खुब्याच्या फ्रॅक्चरबद्दल होती. त्यातले निवडक प्रश्न आणि आमच्या अस्थिरोग व भूलतज्ज्ञ सल्लागारांची उत्तरे.

सासूबाई (वय ७८) न्हाणीघरात पडल्या. रक्तदाब १७०, साखर २४० आणि हृदयासाठी क्लोपिडोग्रेल (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू, म्हणून फिजिशियननी फिटनेस दिला नाही. पायाला वजन बांधून ठेवले आणि आठव्या दिवशी ऑपरेशन झाले. तोवर पाठीला जखम झाली, छातीत कफ भरला. एवढे थांबणे गरजेचे होते का? (सांगली)

तुम्ही दिलेल्या तीनही कारणांसाठी आठ दिवस थांबण्याची गरज नव्हती.

हाड मोडलेले माणूस पाठीवर निजून राहते, कारण कूस बदलली की कळ येते. दीर्घ श्वास घेतला जात नाही, फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो. माकडहाडावरची आणि टाचांवरची कातडी दाबाखाली राहते. पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू झपाट्याने झिजतात. शिवाय 'आज नंबर लागेल' म्हणून रोज उपाशी ठेवले जाते. उपचारांचे दंडक ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०११ साली सांगितले, की दाखल केल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी. आजही तोच दंडक आहे.

याहून घाई करून काही मिळते का, हे 'हिप अटॅक' या अभ्यासात तपासले गेले. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासात भारतासह १७ देशांतले २,९७० रुग्ण होते. निम्म्यांची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण ६ तासांत झाली, निम्म्यांची साधारण २४ तासांत. मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र लवकर केलेल्यांमध्ये भ्रम (वात होणे, माणसे न ओळखणे) आणि लघवीचा जंतुसंसर्ग कमी झाला, ती माणसे लवकर उभी राहिली आणि घरीही आधी गेली. हा अभ्यास दाखवून 'थांबले तरी चालते' असे कोणी सांगितले, तर एक गोष्ट लक्षात आणून द्यावी: त्यातल्या 'उशिरा' गटाचीही शस्त्रक्रिया साधारण एका दिवसात झाली होती. आठ दिवस थांबणे सुरक्षित आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

थांबण्याजोगी कारणे असतात, पण ती तासांत सुधारायची असतात: हिमोग्लोबिन ८ च्या खाली जाणे, सोडियम किंवा पोटॅशियम फार बिघडणे, हृदयाचे ठोके बेफाम वाढणे, फुप्फुसात पाणी भरणे. रक्तदाब १८०/११० च्या खाली असेल तर त्यासाठी थांबू नये. तो बहुधा वेदनेनेच चढलेला असतो. २४० साखर इन्सुलिनने काही तासांत आटोक्यात येते. नुसत्या टू-डी इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) शनिवार-रविवार घालवणे तर अजिबात योग्य नाही.

क्लोपिडोग्रेलने निकामी झालेल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बदलायला ५ ते ७ दिवस लागतात हे खरे. त्या काळात पाठीतून भूल देणे टाळतात. पण पूर्ण भूल देता येते, रक्त हाताशी ठेवता येते. २०२१ च्या 'रीगेन' अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या १,६०० रुग्णांमध्ये पाठीतून भूल आणि पूर्ण भूल यांची तुलना झाली. ६० दिवसांनी मृत्यू किंवा चालण्याची क्षमता गमावणे यात फरक नव्हता, भ्रमाचे प्रमाणही जवळपास सारखेच होते. तेव्हा 'पाठीतून देता येत नाही' हे आठवडाभर थांबण्याचे कारण ठरत नाही. ॲस्पिरिन तर बंदही करावी लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम व्हिटॅमिन केच्या इंजेक्शनने उतरवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) १.५ च्या खाली आणतात. एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांसाठी मूत्रपिंड कसे आहे ते पाहून साधारण एक ते दोन दिवस थांबावे लागते. म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे दाखल करतानाच लिहून द्या.

पायाला बांधलेल्या वजनाबद्दलही सांगायला हवे. त्याने वेदना कमी होते याला आधार मिळालेला नाही. उलट चिकटपट्टीखाली फोड येतात, रुग्ण खाटेला जखडला जातो. त्याऐवजी जांघेत 'फॅशिया इलियाका ब्लॉक' द्यावा. सोनोग्राफीत पाहत साधारण ३० मिलिलिटर पातळ केलेले बधिरीकरणाचे औषध सोडतात. अर्ध्या तासात हालचालीची कळ उतरते आणि आराम कित्येक तास टिकतो. सोबत पॅरासिटामॉल ठरल्या वेळी द्यावे. या वयात डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची इंजेक्शने मूत्रपिंडाला जड जातात. ती सर्रास दिली जातात, म्हणून विचारून घ्या. उपाशी ठेवण्याचा नियम असा: जेवण ६ तास आधी बंद, साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते. आदल्या रात्रीपासून पाणी तोडण्याची गरज नाही.

वडिलांना 'बॉल' बसवायचा म्हणतात, शेजारच्या काकूंना मात्र रॉड टाकला. फ्रॅक्चर तर दोघांचेही खुब्याचेच. (नाशिक)

हाड कुठे मोडले यावर ते ठरते. मांडीच्या हाडाच्या डोक्याला (सांध्यातल्या चेंडूसारख्या गोल भागाला) रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्याखालच्या निमुळत्या भागाला, म्हणजे हाडाच्या मानेला, बिलगून वर जातात. मान मोडून हाड सरकले की त्या तुटतात, डोके मृत होते आणि स्क्रू घातले तरी ते अनेकदा जुळत नाही. म्हणून वृद्धांमध्ये डोकेच बदलतात, तोच 'बॉल'. काकूंचे हाड मानेच्या खाली मोडले असणार. तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो, हाड जुळते, फक्त ते रॉडने जागेवर धरून ठेवावे लागते.

पूर्ण सांधा (डोके आणि त्याची खोबण दोन्ही बदलणे) की अर्धा (फक्त डोके बदलणे)? २०१९ च्या 'हेल्थ' अभ्यासात १,४९५ रुग्णांची तुलना झाली. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण पूर्ण सांध्यात ७.९ टक्के, अर्ध्यात ८.३ टक्के, म्हणजे सारखेच. पूर्ण सांध्यात हालचाल किंचित बरी राहिली, पण सांधा निखळण्यासारख्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. वडील एकटे बाजारहाट करणारे असतील तर पूर्ण सांध्याचा विचार करावा. घरातल्या घरात वावरणाऱ्याला अर्धा पुरेसा. अर्धा बसवताना तो हाडात सिमेंट भरून पक्का केलेलाच असावा, असे आमचे ठाम मत आहे. २०२२ च्या ब्रिटिश अभ्यासात सिमेंटवाल्यांचे रोजचे जगणे सुसह्य राहिले आणि सांध्याभोवती नवे फ्रॅक्चर ०.५ टक्क्यांना झाले, बिनसिमेंटमध्ये २.१ टक्क्यांना. सिमेंट भरताना रक्तदाब एकदम पडू शकतो. भूलतज्ज्ञ त्या क्षणी सावध असतात.

रॉडच्या बाबतीत नंतरचा एक्स-रे पाहायला मागा. हाडाच्या डोक्यात गेलेल्या जाड स्क्रूचे टोक डोक्याच्या माथ्यापासून किती लांब आहे, ते समोरच्या आणि बाजूच्या अशा दोन्ही चित्रांत मोजून बेरीज करतात. ती २५ मिलिमीटरच्या आत हवी. जास्त असेल तर ठिसूळ हाड कापत स्क्रू बाहेर येण्याचा धोका वाढतो.

पडल्यावर एक्स-रे 'नॉर्मल' आला, तरी आत्याला पाय टेकवत नाही. (पणजी)

जांघेत दुखते आणि वजन पेलवत नाही, तर हाड मोडलेच आहे असे धरून चाला. बारीक चीर एक्स-रेत लपते. एमआरआय करा, तो शक्य नसेल तर सीटी स्कॅन. मालिश करून चालवून पाहू नका. न सरकलेले हाड अशाने सरकते आणि दोन स्क्रूंवर भागणारे काम सांधा बदलण्यापर्यंत जाते.

ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आईला वात झाला. सलाइन ओढते, आम्हाला ओळखत नाही. झोपेचे इंजेक्शन द्यावे का? (कोल्हापूर)

आधी कारण शोधा. लघवी तुंबली आहे का, ओटीपोट तटतटले आहे का? शौचाला किती दिवस झाली नाही? बोटाला लावलेले यंत्र किती ऑक्सिजन दाखवते? सोडियम तपासले का? वेदना आहेत का? ट्रामाडॉल हे वेदनाशामक चालू आहे का? बहुतेक वेळा यातच उत्तर सापडते. झोपेच्या गोळ्यांनी भ्रम लांबतो.

चष्मा, कवळी, कानाचे यंत्र लगेच लावा. दिवसा पडदे उघडे, रात्री मंद दिवा, आणि एकच ओळखीचे माणूस उशाशी. हात बांधू देऊ नका. याउलट एखादी आजी गप्प, गुंगीत पडून असते आणि सगळे म्हणतात, 'आता शांत झोपल्या.' तोही भ्रमच असू शकतो, आणि तो हमखास नजरेतून सुटतो. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. काल सहज म्हणणारी आई आज अडखळली, तर डॉक्टरांना त्याच वेळी कळवा.

आजोबा ९१ वर्षांचे आहेत. ऑपरेशन नकोच, असे नातेवाईक म्हणतात. (पुणे)

नुसते वय हे नकाराचे कारण नाही. चालतेफिरते आजोबा असतील तर शस्त्रक्रिया हाच वेदना थांबवण्याचाही सर्वांत चांगला मार्ग आहे. आधीपासून अंथरुणाला खिळलेल्या, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समध्ये अशा अतिदुर्बल रुग्णांना शस्त्रक्रियेविना, वेदनाशमनावर ठेवण्याचा पर्याय दिला गेला. बहुतेकांचा महिन्याभरात मृत्यू झाला, पण उरलेल्या दिवसांची प्रत कमी ठरली नाही. तो मार्ग घ्यायचा तर त्याची पूर्ण कल्पना असू द्या आणि वेदनाशमनाची पक्की सोय आधी करा.

घरी आणल्यावर सहा आठवडे पाय टेकवू नका, असे सांगितले. आईला एका पायावर उभेच राहता येत नाही. (ठाणे)

या वयात कोणालाच येत नाही, आणि मग ती खाटेवरच राहते. दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वजन देता येईल अशीच शस्त्रक्रिया निवडायची असते. सर्जनना कारण विचारा. खास कारण नसेल तर कार्डावर 'पूर्ण वजन चालेल' असे लिहून घ्या.

वॉकर बिनचाकी घ्या. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेला मूठ यावी, एवढी त्याची उंची ठेवा. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. खुर्चीची बैठक गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी. भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवा. सांधा बदलला असेल तर सर्जन सांगेपर्यंत मांडी घालणे, उकिडवे बसणे, पाटावर जेवणे बंद. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला. गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेली पोटातली इंजेक्शने साधारण चार आठवडे चालतात, मध्येच सोडू नका.

आणि खायला घाला. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने लागतात (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून). मऊ वरणभातावर ती भरत नाहीत. दोन अंडी १२ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर १८, दोन पेले दूध १३, ५० ग्रॅम फुटाण्यांचे पीठ १०, उरलेली डाळ-भाकरीतून. कवळी सैल झाल्यामुळे जेवण घटले असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांना गाठा.

ऑपरेशन छान झाले. आता फक्त कॅल्शियम चालू आहे. पुरेसे आहे का? (नागपूर)

नाही. उभ्याने पडून खुबा मोडला, तिथेच ऑस्टिओपोरोसिसचे (हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराचे) निदान झाले. त्यासाठी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीची वाट पाहायची नाही. एक खुबा मोडलेल्याचा दुसराही मोडण्याचा धोका मोठा असतो, आणि नेमके हाडे बळकट करणारे औषध लिहायचे राहून जाते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,१२७ रुग्णांना खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिड (हाडांची झीज रोखणारे औषध) ५ मिलिग्रॅम किंवा नुसते सलाइन, वर्षातून एकदा दिले. नवी फ्रॅक्चर १३.९ टक्क्यांवरून ८.६ वर आली, मृत्यू १३.३ वरून ९.६ वर. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे जाऊ द्यावेत, मग ते घ्यावे. त्याआधी ड जीवनसत्त्व भरून काढायचे: सहसा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे. ड जीवनसत्त्वाची कमतरता असताना झोलेड्रॉनिक ॲसिड दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरते. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करते याचे माप) ३५ च्या वर हवा. दात काढायचा असेल तर आधी काढून घ्या. औषधाचे सलाइन १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात सोडू नये. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने भागते. पुढच्या डोसची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण वर्षभरात पाय बरा होतो, फाइल कपाटात जाते आणि दुसरा डोस चुकतो.