फ्रंट लोड वॉशिंग मशीन : फरशी, पाणी आणि पावडर यांविषयी वाचकांचे प्रश्न

समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून ते ज्या फरशीवर उभे आहे, त्यात जे पाणी येते आणि त्यात जी पावडर पडते, त्यांत आहे, असे ही पत्रे वाचताना वारंवार जाणवले.

प्रश्न : आमच्याकडे काल नवे मशीन आले. कंपनीचा माणूस जोडणीसाठी दोन दिवसांनी येणार आहे, परंतु घरात कपडे साठले आहेत. नळ आणि प्लग जोडून आम्हीच सुरू केले तर चालेल का? मशीन ड्राय बाल्कनीत ठेवायचे आहे. (सिंहगड रस्ता)

उत्तर : दोन दिवस थांबावे, हेच बरे. मशीनमधील ड्रम वर स्प्रिंगांना टांगलेला आणि खाली शॉक अॅबसॉर्बरवर टेकलेला असतो. वाहतुकीत तो आपटू नये म्हणून मागच्या बाजूने तीन किंवा चार लांब बोल्ट घालून तो जखडलेला असतो. हे बोल्ट न काढता मशीन पिळण्याच्या वेगाला गेले, तर सगळा हादरा थेट सांगाड्याला बसतो, मशीन जागचे सरकते आणि आतील भागांची मोडतोड होऊ शकते. तंत्रज्ञ आल्यावर ते बोल्ट त्याच्याकडून मागून घ्यावेत, त्यांच्या जागी प्लास्टिकची झाकणे बसवलेली आहेत ना हे पाहावे आणि बोल्ट माहितीपुस्तिकेसोबत एका पिशवीत जपून ठेवावेत, कारण पुढे घर बदलताना ते पुन्हा लागतात आणि नेमके तेव्हाच सापडत नाहीत.

ड्राय बाल्कनीच्या फरशीला मोरीकडे उतार असतो, ही गोष्ट मशीन ठेवताना बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चारही पाय सारख्या उंचीचे ठेवले तर मशीन उताराकडे कलते. त्यामुळे पाय फिरवून उंची जुळवावी, वर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पातळी पाहावी आणि शेवटी प्रत्येक पायावरील नट सांगाड्याला भिडेपर्यंत वर कसावा. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तळहाताने आळीपाळीने दाब दिल्यावर मशीन जराही डुलता कामा नये. दुकानदार आग्रहाने देतात ते चाकांचे स्टँड या यंत्रासाठी मला अजिबात पसंत नाही. खाली उंदीर शिरू नयेत म्हणून तळाला जाळी बसवून घेणे मात्र उपयोगाचे आहे, विशेषतः तळमजल्यावर.

पाणी गरम करणारा हीटर साधारण २००० वॅटचा असतो आणि २३० व्होल्टला तो एकटाच सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग हवेच. एक्स्टेंशन बोर्ड कितीही जाडजूड दिसला तरी वापरू नये. सांडपाण्याच्या पाइपाचे तोंड बहुतेक मशीनना फरशीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर लागते. ते खाली मोरीच्या जाळीत खोचून ठेवले, तर सायफनमुळे भरलेले पाणी आपोआप वाहून जाते आणि मशीन तासभर नुसते पाणीच घेत बसते. पहिली फेरी कपड्यांविना, थोड्या डिटर्जंटसह आणि गरम पाण्यात घ्यावी. पावसाची झड आत येत असेल, तर बाल्कनीला पडदा किंवा काच जूनपूर्वीच लावून घ्यावी.

प्रश्न : आमचे घर जुन्या तीनमजली इमारतीत सर्वांत वर आहे आणि पाण्याची टाकी आमच्या डोक्यावरच आहे, तरीही मशीन पाणी येत नसल्याचा संदेश दाखवून थांबते. खालच्या मजल्यावर त्याच कंपनीचे मशीन विनातक्रार चालते. (सदाशिव पेठ)

उत्तर : टाकी डोक्यावर आहे, हीच तर अडचण आहे. पाण्याचा दाब टाकी किती जवळ आहे यावर ठरत नाही, ती नळापेक्षा किती उंच आहे यावर ठरतो. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार (बार हे दाबाचे एकक) दाब मिळतो. आपला नळ फरशीपासून एक मीटरवर आणि टाकीचा तळ चार मीटरवर असेल, तर आपल्या वाट्याला जेमतेम ०.३ बार येतो, तर दोन मजले खाली राहणाऱ्यांना त्याच टाकीतून ०.९ बारच्या आसपास मिळतो. मशीनला लागणारा किमान दाब कंपनीगणिक वेगळा असून तो साधारणतः ०.३ ते १ बार यांदरम्यान असतो. आपल्या माहितीपुस्तिकेतील आकडा आधी पाहावा.

खर्च करण्यापूर्वी एक साधी गोष्ट करावी. नळ बंद करून पाण्याचा पाइप मशीनकडील बाजूने सोडवावा आणि तोंडाशी असलेली बारीक जाळी चिमट्याने काढून धुवावी. टाकी साफ केल्यानंतर आणि पावसाळ्यातील पहिल्या गढूळ पाण्यानंतर ती हमखास तुंबते. तेवढ्याने काम झाले नाही, तर टाकीतून आपल्याकडे येणाऱ्या नळावर छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल. महापालिकेच्या नळजोडावर थेट पंप लावणे नियमबाह्य आहे आणि शेजाऱ्यांवर अन्यायकारकही आहे, त्यामुळे प्लंबरने तसे सुचवले तरी ऐकू नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. सहा महिन्यांत टॉवेल कडक झाले आणि पांढऱ्या कपड्यांवर करडी झाक आली. शेजाऱ्यांनी नळाला लावायचा एक छोटा फिल्टर घेतला आहे. तो घ्यावा का? टीडीएस मीटरवर आकडा बराच मोठा येतो. (वाघोली)

उत्तर : खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी तुलनेने मृदू असते, त्यामुळे पुणे शहराच्या मध्यभागात हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. बोअरचे पाणी मात्र आपल्याकडील काळ्या कातळातून, म्हणजे बेसाल्टमधून, झिरपत येते आणि वाटेत कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार घेऊन येते. हे क्षार डिटर्जंटचा मोठा भाग निकामी करतात. मळ पूर्ण निघत नाही आणि उरलेला साका धाग्यांत बसतो. पाणी तापवले की त्यातील बायकार्बोनेटपासून चुना तयार होतो आणि तो हीटरवर थरावर थर चढतो. तापमान वाढेल तसा हा वेगही वाढतो, म्हणून आपल्याकडे ६० अंशांची धुलाई गरजेपुरतीच ठेवावी.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सर्व क्षार. त्या आकड्यावरून जडपणा, म्हणजे कॅल्शिअम व मॅग्नेशिअमच्या क्षारांचे प्रमाण, नेमका कळत नाही, कारण साध्या मिठाचे पाणीही मोठा टीडीएस दाखवते. जडपणा मोजण्यासाठी थेंब टाकून रंग पाहण्याचा संच किंवा कागदी पट्ट्या मिळतात, त्या वापराव्यात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे. ही मर्यादा कपड्यांसाठी ठरवलेली नाही, तरीही तुलनेला ती सोयीची पडते.

आता फिल्टरविषयी. नळाला लावायच्या छोट्या नळकांड्यांत बहुधा पॉलिफॉस्फेटचे खडे असतात. ते जडपणा काढत नाहीत, केवळ चुन्याला पृष्ठभागावर घट्ट बसण्यापासून काही अंशी रोखतात. त्यांचा हीटरला थोडा फायदा होईल, टॉवेल मात्र तसेच कडक राहतील, आणि खडे विरघळत असल्याने ते ठरावीक काळाने बदलावे लागतील. जडपणा खरोखर काढायचा तर मिठाने पुनर्भारित होणारा रेझिनचा, म्हणजे हे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा, सॉफ्टनर हवा. तो एकेका घरापेक्षा सोसायटीने मिळून बसवला तर खर्च परवडतो, हा विषय पुढच्या सभेत अवश्य मांडावा. तोपर्यंत द्रवरूप डिटर्जंटऐवजी फ्रंट लोडसाठी असलेली पावडर वापरून पाहावी, कारण पावडरीत पाणी मृदू करणारे घटक सहसा अधिक असतात. पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेले प्रमाणही पाळावे. दोन-तीन महिन्यांतून एकदा मशीनसाठी मिळणारी चुना काढण्याची पावडर रिकाम्या ड्रममध्ये घालून एक फेरी घ्यावी. फरशी धुण्याचे अॅसिड या कामासाठी काही जण वापरतात, त्याने स्टीलचा ड्रम गंजतो.

प्रश्न : गच्चीवर सौर बंब आहे. त्याचे गरम पाणी मशीनला जोडले तर विजेची बचत होईल ना? (कोथरूड)

उत्तर : मशीनला गरम आणि गार अशी दोन तोंडे असतील तरच जोडावे. एकच तोंड असेल तर ते गार पाण्यासाठी आहे. त्याला सौर बंब जोडल्यास धुलाईबरोबर खळबळण्याच्या प्रत्येक फेरीलाही गरम पाणी जाईल आणि संध्याकाळी बंबात काहीच उरणार नाही. शिवाय उन्हाळ्यात दुपारी हे पाणी ६० अंशांच्या वर जाऊ शकते. इतक्या गरम पाण्यात दूध, अंडे, रक्त यांचे डाग पक्के होतात आणि डिटर्जंटमधील एन्झाइम निकामी होतात. बचतीचा हिशेबही पाहावा. धुलाईचे सुमारे १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण पाव युनिट वीज लागते. तेवढ्यासाठी भिंत फोडण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : कामाच्या मावशी मशीन लावतात. त्या दोन मोठे चमचे पावडर घालतात, तरी कॉलर काळ्याच राहतात आणि मशीन ठरल्यापेक्षा अर्धा तास जास्त चालते. (कर्वेनगर)

उत्तर : या मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडून घुसळले जात नाहीत, ते वर उचलले जाऊन खाली आपटतात, धोपटण्याने मळ निघावा तसे. फेस फार झाला की हे आपटणे मऊ पडते, म्हणजे जास्त पावडरीने कपडे कमी स्वच्छ होतात. शिवाय फेस जाणवला की अनेक मशीन आपण होऊन खळबळण्याची फेरी वाढवतात. आपला अर्धा तास तिथे जातो. बादलीत किंवा सेमी ऑटोमॅटिकमध्ये वापरायची पावडर घरात असेल तर ती येथे वापरू नये. फ्रंट लोडसाठीची पावडर कमी फेसाची असते.

प्रमाण बरोबर आहे का हे पाहण्यासाठी धुऊन निघालेला एक टॉवेल स्वच्छ पाण्याच्या बादलीत पिळून पाहावा. फेस आला तर पावडर जास्त पडते आहे. मावशींना ग्रॅममध्ये सांगण्यापेक्षा मापाच्या भांड्यावर खूण करून द्यावी आणि पावडर कोणत्या खणात घालायची तेही एकदा समोर उभे राहून दाखवावे. खणांवर बहुधा एक, दोन आणि फुलाचे चिन्ह असते. मुख्य धुलाईची पावडर दोन या खणात जाते. ती चुकून एकच्या खणात पडली, तर प्री-वॉश (मुख्य धुलाईआधीची धुलाई) न निवडल्यास तेथेच गोळा होऊन बसते. कॉलर मात्र आधी हाताने घासावीच लागते, आणि वडीचा साबण लावला असेल तर तो धुऊन मगच शर्ट आत टाकावा.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात मशीनला आणि धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला. आम्ही नेहमी १५ मिनिटांचा प्रोग्रॅम गार पाण्यात लावतो. (औंध)

उत्तर : पत्राच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. पंधरा मिनिटांची धुलाई एक-दोन किलो, फक्त घामाच्या, कपड्यांसाठी असते. रोज तीच आणि तीही गार पाण्यात लावली, तर मळ, डिटर्जंट आणि फॅब्रिक कंडिशनर यांचा चिकट थर ड्रमच्या न दिसणाऱ्या बाजूला साचतो आणि त्यावर बुरशी धरते. पुण्यातील जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तिला आणखी काय हवे? महिन्यातून एकदा रिकाम्या ड्रमची ६० अंश किंवा त्याहून अधिक तापमानाची फेरी घ्यावी, किंवा ड्रम स्वच्छतेचा वेगळा प्रोग्रॅम असल्यास तो लावावा. आठवड्यातील निदान एक मोठी धुलाई ४० अंशांवर पूर्ण वेळाची असावी. कंडिशनर पावसाळ्यापुरता बंद ठेवला तरी काही बिघडत नाही.

प्रत्येक धुलाईनंतर दाराच्या रबराची घडी उलटवून कोरड्या फडक्याने पुसावी. तळाशी साचलेले पाणी, केस आणि धागे तेथेच सापडतात. दार व पावडरीचा खण दोन्ही किंचित उघडे ठेवावेत, परंतु घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दारावर लक्ष हवे. खालच्या कोपऱ्यातील झडपेमागचा पंपाचा फिल्टर महिन्या-दीड महिन्याने काढून धुवावा. त्याआधी खाली परात ठेवावी आणि आतले पाणी गरम नाही याची खात्री करावी. नाणी, टाचण्या, शर्टाची बटणे आणि मोजे हे त्या फिल्टरचे नित्याचे पाहुणे आहेत. धुऊन झालेले कपडे संध्याकाळपर्यंत आत ठेवणे टाळावे. पावसाळ्यात सुती कपड्यांसाठी शेवटी मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांच्या वेगाची एक जादा पिळणी घेतल्यास ते घरातल्या दोरीवर लवकर वाळतात.

प्रश्न : एकटी सोलापुरी चादर टाकली की मशीन पिळतच नाही, ओलीचिंब चादर हातात येते. (बिबवेवाडी)

उत्तर : मशीन नादुरुस्त नाही. एकच जड वस्तू भिजून ड्रमच्या एका बाजूला गोळा झाली की तोल जातो, मशीन ती पसरवण्याचा काही वेळा प्रयत्न करते आणि न जमल्यास धोका नको म्हणून वेग घेत नाही. सोबत दोन-तीन टॉवेल टाकावेत. गोधडी मात्र या मशीनमध्ये घालू नये. ती इतके पाणी धरते की टॉवेलांनीही तोल सांभाळला जात नाही.

प्रश्न : गुरुवारी दुरुस्तीसाठी कधी पाणी तर कधी वीज जाते. कपडे आत अडकले आणि दार उघडेना तर काय करावे? (कात्रज)

उत्तर : एका पूर्ण धुलाईला साधारण ५० ते ७० लिटर पाणी लागते, त्यामुळे आदल्या दिवशी पाणी बंदची सूचना आली असेल तर टाकीचा अंदाज घेऊनच मशीन लावावे. वीज गेल्यास बहुतेक मशीन ती परत आल्यावर थांबले तिथून पुढे चालू होतात. वीज येण्याची वाट पाहता येत नसेल, तर प्लग काढून काही मिनिटे थांबावे, तेवढ्यात दाराचे कुलूप अनेकदा सुटते. आत दाराच्या काचेपर्यंत पाणी दिसत असेल तर दार ओढू नये. ते पाणी निवले आहे याची खात्री करून पंपाच्या झडपेमागील बारीक नळीचे बूच काढावे आणि पाणी परातीत थोडे थोडे काढून घ्यावे. काही मशीनमध्ये त्याच झडपेमागे दार उघडण्याची दोरी असते, ती पाणी उतरल्यावर हलकेच खाली ओढावी.