आधी त्या डब्या खाली ठेवा

प्रश्न : दादा, माझे सासरे लोणावळ्याला गार्ड होते, रिटायर झाल्यावर पुण्यात कसब्यात राहायला आले. वाडा आता पाडायचाय, माळ्यावरची ट्रंक उघडली तर आत रॉकेलचा हातदिवा, शिट्टी, पुठ्ठ्याची जुनी तिकिटं, एक वर्किंग टाइम टेबल आणि दोन चपट्या गोल डब्या निघाल्या, डब्यांना मऊ धातूच्या पट्ट्या आहेत. मुलगा म्हणतो तिकिटं लॅमिनेट करू आणि बाकीचं जुन्या बाजारात देऊन टाकू. काय करू?

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्या डब्यांना कुणी हात लावू नका. घासू नका, ठोकून बघू नका, उन्हात तर अजिबात ठेवू नका. वर्णनावरून ते डिटोनेटर वाटतायत, रेल्वेतले लोक त्यांना फटाकेच म्हणतात. त्या पट्ट्यांनी फटाका रुळावर बांधायचा, चाक वरून गेलं की धडाम, म्हणजे ड्रायव्हरला कळतं की पुढे काहीतरी आहे. धुक्यात सिग्नल दिसत नसेल तेव्हा वापरतात, आणि गाडी मध्येच अडकली तर गार्ड हातात बत्ती घेऊन मागे चालत जायचा, ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर सोडून. पावसाळ्यात रात्री घाटात हे करणं काय असेल विचार करा! तर ट्रंक आहे तिथेच राहू दे, खोली बंद करा, ११२ ला फोन करून नीट सांगा. लाजायचं काही नाही त्यात, जुन्या गार्डांच्या घरी असं निघू शकतं.

आता तिकिटं. लॅमिनेशन नको म्हणजे नकोच. मी स्वतः एकदा हा शहाणपणा केलाय, एका दुकानात लोणावळा-पुणे तिकीट दिलं आणि बाहेर आलं तेव्हा पुठ्ठ्याच्या कडा फुगलेल्या आणि तारखेचा ठसा पार गायब, आता ते कधीचं तिकीट ते कुणालाच सांगता येत नाही. सेलोटेपही नको, डिंकाने वहीत चिकटवणंही नको. साधी ॲसिड-फ्री कागदाची पाकिटं मिळतात, एकात एक तिकीट, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि डबा भिंतीला टेकवून ठेवू नका कारण पुण्याच्या पावसाळ्यात ओल भिंतीतूनच येते. दिव्याला पॉलिश पेपर लावू नका, त्यावर जी.आय.पी. (इंग्रजांच्या काळातली रेल्वे कंपनी) वगैरे अक्षरं ठोकलेली असली तर तीच आधी जातील. टाकीत रॉकेल असेल तर तेवढं काढा.

जुन्या बाजारात देण्याआधी एक लक्षात घ्या, रेल्वेचा शिक्का असलेल्या वस्तूंसाठी १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा आहे. सासऱ्यांना निरोपाच्या वेळी दिवा भेट मिळाला असेल तर तसा कागद किंवा फोटो शोधा.

आणि सगळ्यात आधी, म्हणजे फटाक्यांनंतर आधी, सासूबाईंजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्डिंग करा. कुठल्या गाडीवर असायचे, डबा कधी पाठवायच्या, ‘खेकडा’ म्हणजे ते जुनं मालगाडीचं इलेक्ट्रिक इंजिन आठवतंय का. दिवा पन्नास वर्षांनीही राहील हो, हे नाही राहणार.

प्रश्न : खंडाळ्याचा पाडलेला अमृतांजन पूल रेल्वेचाच होता ना? आमच्या ग्रुपवर यावरून भांडण झालंय.

उत्तर : नाही. तो रस्त्याचा पूल, १८३० चा, आपल्याकडे पहिली गाडीच धावली १८५३ ला. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये पाडला. गोंधळ होतो कारण तिथेच जवळ रेल्वेचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, डोंगर इतका अंगावर की वळायला जागा नाही, म्हणून गाडी तिथे थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढे चढायचं. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर जाताना एक मीटर वर. १९२९ ला नवा मार्ग झाला आणि स्टेशन सुटलं. भांडण करणाऱ्यांना एकदा तिथे घेऊन जा, पण रुळांवर उतरू नका, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही, आणि घाटात वळणावर गाडी दिसते तेव्हा पळायला जागा नसते.

प्रश्न : डेक्कन क्वीनच्या वाढदिवसाला पासवाले नसलेल्यांनी गेलं तर चालतं का? मुलगी आठ वर्षांची आहे, रेल्वेची वेडी.

उत्तर : चालतं की! १ जूनला पुणे स्टेशनवर प्लॅटफॉर्म तिकीट काढून जा, गाडी सव्वासातला सुटते तर साडेसहालाच पोचा, इंजिनाला हार, केक, सेल्फीवाल्यांची झुंबड. लेकीला सांगा की १९३० ला या गाडीचे सात-सात डब्यांचे दोन संच होते, एक रुपेरी, लाल पट्ट्यांचा, दुसरा निळा, सोनेरी रेघांचा, आणि साध्या माणसाचा थर्ड क्लास यात १९५५ पर्यंत नव्हताच. मुलीला डायनिंग कार बाहेरून दाखवा, ती बघून मग केकची आठवण राहत नाही. आणि कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम अजून दाखवलं नसेल तर तो रविवार लगेच ठरवा.