५५ चा गोवा सत्याग्रह आणि "तुरुंगाचा दाखला आणा"

तुमची पोस्ट वाचताना आमच्याच घरातली जुनी फाईल कुणी उघडून वाचतंय असं वाटलं. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता तेव्हा तुमचे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहात बांद्याकडून हद्दीवरच्या पत्रादेवीला गेले होते, मार खाऊन परत आले, आता पेन्शनसाठी तुम्हाला त्यांचा पोर्तुगीज तुरुंगाचा दाखला हवाय. आणि वर तुमचा चुलतभाऊ म्हणतो की गोवा तर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने ३६ तासांत घेतला, सत्याग्रहाने काय झालं. दोन्हीवर लिहितो. मी वकील नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही, पेन्शनचे नियम मधेमधे बदलतात, त्यामुळे आजचा जीआर (शासन निर्णय) स्वतः बघा.

पहिलं म्हणजे तो दाखला शोधत बसू नका, बहुतेक तो कधी तयारच झाला नाही. त्या दिवशी तीन हजारांवर माणसं वेगवेगळ्या वाटांनी हद्दीत शिरली. वीसहून जास्त जण गोळीबारात गेले, पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग पडले ते तुम्हाला माहीत असेलच. खटले चालवून मोठ्या शिक्षा दिल्या त्या पुढाऱ्यांना, नानासाहेब गोरे, शिरुभाऊ लिमये, मधु लिमये वगैरे, ते १९५७ मध्ये सुटले. बाकी बहुतेकांना काय, तर लाठ्या, बंदुकीचे दस्ते, आणि उचलून परत हद्दीबाहेर. नोंद कसली आणि कागद कसला.

हे आमच्या इथल्या एका कार्यालयाला (नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात) शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या आईचे वडील पुण्याहून गेलेल्या तुकडीत होते. टेबलावरचा माणूस विचारतो, आत किती महिने होता? आत टाकलंच नाही हो, डोकं फोडून परत पाठवलं. मग त्या सरकारचं तसं पत्र आणा! म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या पोलिसांनी लिहून द्यायचं की होय, आम्ही या गृहस्थांना मारलं. मग त्रुटीपत्र, मग फाईल दुसऱ्या टेबलावर, मग साहेब बदलले, आणि आजोबा गेल्यानंतर घरी पत्र आलं की अर्जदाराने मूळ कागदांसह समक्ष हजर राहावे. असो. डोकं तापतं म्हणून थांबतो.

आता चुलतभावाचं. ३६ तास खरेच आहेत, पण त्याआधीची पंधरा वर्षं कुठे गेली? पोर्तुगीजांविरुद्ध राममनोहर लोहियांची मडगावची सभा १८ जून १९४६ ची. ब्रिटिश गेले, फ्रेंचांनी १९५४ मध्ये पाँडिचेरी सोडली, पोर्तुगाल का नाही? कारण तिथे हुकूमशाही होती. लिस्बनमध्येच कुणाला बोलायची सोय नाही, तर गोव्याबद्दल वाटाघाटी कोण करणार? वर १९५१ मध्ये त्यांनी घटनाच बदलली, वसाहती नाहीत, हे आमचे समुद्रापारचे प्रांत आहेत. वसाहतच नाही म्हटल्यावर सोडायची कशी! नाटो या पाश्चात्य लष्करी युतीचे सभासद म्हणून पाठीशी बडे देश. भारताने ५५ मध्ये नाकेबंदी केली तर पोर्तुगीजांनी बाहेरून बटाटे-सिमेंट आणलं, दाबोळीला विमानतळ उभा केला आणि लोहखनिज जपानला विकून पैसा केला. माझं मत विचाराल तर नाकेबंदीचा त्रास लिस्बनपेक्षा आपल्याच सावंतवाडी-कारवारकडच्या नातेवाईकांना जास्त झाला, कुणाला पटो न पटो.

सत्याग्रहाने गोवा सुटला नाही हे खरं. पण नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्यावर "गोव्यात सगळे खूश आहेत" हे जगाला सांगणं अवघड झालं. मग डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव करून पोर्तुगालचे ते "प्रांत" स्वयंशासन नसलेले प्रदेश ठरवले, त्यात गोवा नावानिशी होता. ६१ च्या सुरुवातीला अंगोला ही त्यांची आफ्रिकेतली वसाहत पेटली, सालाझारचं लष्कर तिकडे अडकलं, आफ्रिकेतले पुढारी नेहरूंना म्हणायला लागले की तुम्हीच गप्प बसलात तर आम्ही काय करायचं. नोव्हेंबरात पोर्तुगीजांच्या अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला तो निमित्त. सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम दिला, गव्हर्नर वासालो इ सिल्वाने तो मानला नाही, १९ डिसेंबरला शरण आला. त्याचे उपकारच म्हणायचे, नाहीतर पणजीची राखरांगोळी झाली असती. आणि पोर्तुगालने हे कागदावर मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ ला, तिकडे हुकूमशाही उलथल्यावर! भावाला सांगा, आधीची पंधरा वर्षं सोडा, ३६ तासांनंतरही कागद व्हायला तेरा वर्षं लागली.

आता कामाचं. ऑगस्ट-सप्टेंबर ५५ चे मराठी पेपर बघा, जखमींची आणि तुकड्यांची नावं छापून यायची. पुण्यातून जाणाऱ्यांचं काम गोवा विमोचन सहाय्यक समिती बघायची, तिची पत्रं, पावत्या, निरोप समारंभाचे फोटो घरोघरी पडून आहेत, आजोबांच्या सोबत्यांच्या मुलांना विचारा. दवाखान्याची चिठ्ठी असेल तर सोन्यासारखी जपा. जो कागद द्याल त्याची पोच शिक्क्यासकट घ्या, मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. आणि जुने कागद लॅमिनेट अजिबात करू नका, प्लास्टिक चिकटतं ते मग सोडवता येत नाही.

तुमच्या आजोबांची तुकडी कुठून निघाली आणि पुढारी कोण होते ते इथेच लिहा. बांद्याकडून गेलेल्यांची काही नावं माझ्या आजोबांच्या वहीत आहेत, जुळतात का बघतो.