बहिणीच्या लग्नाच्या दीड महिना आधी हेअर ट्रान्सप्लांट केलं, तर लग्नात कुणाच्या लक्षात येईल का?

येईल.

तुम्ही विचारलंय की तोवर डोकं बरं होतं का आणि फोटोत कळतं का. दुसरा कुठला प्रश्न असता तर वाचून पुढे गेलो असतो. पण मी हा उद्योग लग्नाच्या बरोबर नऊ दिवस आधी करून बसलेला माणूस आहे, आणि लग्न सख्ख्या भाचीचं होतं. म्हणजे मी नवरीचा मामा. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

निफाड तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. केस सव्विसाव्या वर्षी जायला लागले. सदतिसाव्या वर्षी पुढचं सगळं उजाड, मागे आणि कानांवर मात्र दाट. एकदा दुकानात एका शेतकऱ्याने तणनाशकाची बाटली हातात घेतली, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, हे आधी स्वतःवर मारून बघितलं का?" दुकान हसलं, मीही हसलो. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर ट्रान्सप्लांटचे व्हिडिओ बघत होतो.

पहिल्यांदा गेलो ते एका चकाचक क्लिनिकमध्ये. नाव घेत नाही. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, टाय लावलेला एक पोरगा भेटला. माझ्या मानेमागे एकदाही न बघता म्हणाला, "सर, पाच हजार ग्राफ्ट, आज बुकिंग केलं तर वीस टक्के कमी." ग्राफ्ट म्हणजे मागून मुळासकट काढून पुढे लावायचा केसांचा पुंजका. मी बियाणं विकतो. रान न बघता कुणी एकरी बियाणं सांगायला लागला की मी समजतो, हा कंपनीचा माणूस आहे. उठून आलो.

दुसरीकडे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांनी भिंग लावून मागचे केस पाहिले, बोटांनी भांग पाडून मोजल्यासारखं केलं, वडिलांचं आणि मामांचं टक्कल कुठवर आहे ते विचारलं आणि म्हणाले, "पुढचा भाग करू, 2,300-2,400 ग्राफ्ट. भोवऱ्याला आत्ता हात लावायचा नाही. मागचा साठा संपला की संपला, तो परत उगवत नाही." मला माणूस पटला. पिकात नांग्या, म्हणजे रोप न आलेल्या रिकाम्या जागा, भरताना रोप कमी असेल तर आपणही आधी बांधाकडेची, लोकांच्या नजरेत येणारी ओळ भरतोच की.

मागचे केस पुढे लावले की पुढेही टिकतात, कारण ते आपला गुण सोबत घेऊन येतात. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1950 च्या दशकात हे दाखवून दिलं, त्यावरच हा सगळा धंदा उभा आहे. आमच्या भागात ग्राफ्ट म्हटलं की लोकांना डॉगरिज जातीच्या खुंटावर भरलेलं द्राक्षाचं कलम आठवतं. मी एका बागायतदाराला 2,350 ग्राफ्ट झाले म्हणून सांगितलं तर तो एकरी कलमांचा हिशेब करून म्हणाला, "म्हणजे अडीच एकर झाली की!"

आता तारखेचं. एप्रिल-मे म्हणजे माझ्या दुकानाचा मोकळा काळ, उन्हाळ कांदा निघालेला आणि खरीपाची गर्दी मृगाच्या तोंडावर. म्हणून फेब्रुवारीतच एप्रिलअखेरची तारीख घेतली, अॅडव्हान्स भरला. भाचीचं लग्न तेव्हा तुळशीच्या लग्नानंतर धरायचं ठरलेलं. मग नवऱ्या मुलाची परदेशात बदली निघाली आणि मार्चमध्ये ताईचा फोन आला की लग्न मे महिन्यात. मी कॅलेंडरवर बोटं मोजली, नऊ दिवस येत होते. पुढे ढकलायला हवं होतं. ढकललं नाही. ही माझी चूक, आणि ती मी ताईसमोर कबूल केलेली आहे. बाकी एकही चूक मी कबूल करणार नाही.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. सगळं डोकं मशीनने भादरतात. डोकं बधिर करायच्या सुयाच काय त्या दुखतात, त्यातही कपाळाच्या वरच्या. पुढचं दुखत नाही, फक्त ऐकू येतं, कर्र, कर्र. मिलिमीटरभर तोंडाच्या पंचने, म्हणजे पोकळ टोकाच्या हत्याराने, एकेक मूळ मोकळं करतात. सकाळभर पालथं झोपायचं, मधे वरणभात, मग दुपारी उताणं. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. पुढच्या रेषेला एकेकट्या केसाचे लावतात, मागे जोडीचे. केस बसवायच्या खाचा डॉक्टरांनी स्वतः केल्या, केस कुठल्या दिशेला झोपणार ते त्यावरच ठरतं. चाळीस रुपये ग्राफ्ट प्रमाणे 94,000 झाले, औषधं वेगळी.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगून ठेवलंय की हे काम त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन अशा शिकलेल्या डॉक्टरनेच करायचं, यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत नुसतं बघून नाही. आणि मार्च 2019 मध्ये मुंबईत 43 वर्षांच्या एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला होता, नऊ हजारांच्या वर ग्राफ्ट लावल्याचं पेपरात आलं होतं. त्यामुळे कुणी एका दिवसात सगळं डोकं भरून देतो म्हणाला तर चप्पल घालून बाहेर या.

पहिले दिवस. उशा रचून अर्धवट बसून झोपायचं. दर तासाला सलाइनची फवारणी. ते काम माझ्या आठ वर्षांच्या मुलीने हौसेने केलं, पंप मारल्यासारखं, पाठीला दप्तर लावून. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांत उतरली, मोहोळ उठल्यासारखं तोंड झालं, तेव्हा तीच मुलगी घाबरून रडली. दोन-तीन दिवसांत उतरली. खाज सुटते आणि खाजवायचं नाही, हे दुखण्यापेक्षा वाईट. बेबी शाम्पूचा फेस हळू टेकवायचा, पाणी मगाने, शॉवर नाही. खपल्या साधारण बारा-तेरा दिवसांनी पूर्ण गेल्या.

म्हणजे नवव्या दिवशी डोक्यावर खपल्या होत्या. कपाळावर लाल ठिपक्यांची ओळ, मागे ठिपक्याठिपक्यांचं भादरलेलं डोकं, वर सैल कापडी टोपी, आणि सिन्नरकडचा मे महिना.

मंडपात फेटेवाला आला. सगळ्यांना बांधत बांधत माझ्यापाशी आला आणि मी मान हलवली. तो दाजींकडे बघायला लागला. दाजी म्हणजे ताईचे यजमान, नवरीचे वडील. त्यांना मी सांगितलं नव्हतं, ताईला फक्त माहीत होतं. फेटा पीळ भरून, ओढून बांधतात. घाम, घासणं, आणि खाली 2,350 रोपं नुकती मुळं धरत होती.

"अहो मेव्हणे, मामा बिनफेट्याचा उभा राहणार का? पाहुणे बघताहेत," असं म्हणत दाजींनी हाताने माझी टोपी उचलली.

पुढचं मी कधी विसरणार नाही. भादरलेलं डोकं बघून मुलाकडच्या एक आत्याबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "ह्यांच्याकडं कुणी गेलंय का?" तिथून ते दोन मिनिटांत शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं: मामाच्या घरी सुतक आहे आणि मुलीकडच्यांनी ते लपवलंय. मुलाचे काका उठून भटजींपाशी गेले. भटजींनी माझ्याकडे बघितलं. आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे वडील, नाना, वय 74, काठी टेकत उभे राहिले आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं ओरडले, "अहो, मी हितं बसलोय!"

मग दाजींना सांगावंच लागलं. त्यांनी ते माईकवर सांगितलं. "आमचे मेव्हणे केस लावून आलेत, नऊ दिवस झाले, अजून उगवले नाहीत." हशा, टाळ्या, मंगलाष्टकं.

तेव्हापासून प्रत्येक बारशाला, जावळाला, वास्तुशांतीला दाजी ही गोष्ट सांगतात. त्यांचं म्हणणं असं की पुरुषाने एवढं नटू नये, देवाने दिलं तसं राहावं, आणि मी त्यांच्या फेट्याचा अपमान केला. दाजी दर रविवारी सकाळी आरशासमोर उभं राहून मिशीला कलप लावतात. गाडीला पसंतीचा नंबर मिळावा म्हणून त्यांनी 70,000 रुपये भरले, चार आकडी नंबर, तोही गाडीच्या मागच्या बाजूला, त्यांना स्वतःला दिसत नाही अशा ठिकाणी. हे मी आजवर त्यांच्या तोंडावर बोललो नाही, ताईकडे बघून. इथे लिहितोय, कारण ते इथे नाहीत.

आणि देवाने दिलं तसं राहावं म्हणता, तर मग दात का बसवता, चष्मा का लावता, मोतीबिंदू का काढता? टक्कल घेऊन मजेत राहणारा माणूस मला मान्य आहे. नाना आयुष्यभर तसेच राहिले, रुबाबात. मला नाही जमलं. त्यात लाज कसली?

तुमचा दीड महिना. खरं सांगायचं तर ही सगळ्यात वाईट वेळ. तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळायला लागतात, उशीवर सापडतात. कांद्याची लागण झाल्यावर रोप मान टाकतं, पात वाळते, बघणाऱ्याला वाटतं पीक गेलं. आंबवणीचं, म्हणजे लागणीनंतर काही दिवसांनी द्यायचं, पाणी दिलं की आतून नवी पात येते. केसांना मात्र आंबवणी तीन-चार महिन्यांनी बसते. मूळ आत असतं, पण दिसत नाही. माझे आजूबाजूचे जुने केसही धक्क्याने गेले होते, दीड महिन्याला मी आधीपेक्षा टकला होतो. आई म्हणाली, "पैसे पाण्यात." चौथ्या महिन्यात लव आली, आठव्यात कंगवा लागला, वर्षाने भांग पडला. मानेमागचा भाग कितीतरी महिने बधिर होता. तेव्हा फोटोसाठी करत असाल तर लग्नाच्या वर्षभर आधी करायला हवं होतं, किंवा आता लग्न झाल्यावर करा. कामावर म्हणाल तर मी सहाव्या दिवशी गल्ल्यावर बसलो, पण ती माझी स्वतःची खुर्ची आहे, युरियाची गोणी मी महिनाभर उचलली नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या, आधी सांगायला हव्या होत्या. एक, ट्रान्सप्लांटने उरलेले केस थांबत नाहीत. त्याला फिनास्टराइड, मिनॉक्सिडिल असली औषधं लागतात, चालू असेतोवर चालतात, सोडली की गेलं. फिनास्टराइडचे काहींना लैंगिक तक्रारींसारखे त्रास होतात, तेव्हा मित्राच्या सल्ल्याने किंवा माझ्या उत्तरावरून सुरू करू नका. दोन, फेट्याबद्दल मी नंतर डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, नवव्या दिवसापर्यंत बहुतेक ग्राफ्ट धरलेले असतात, सैल बांधला असता तर कदाचित काही झालं नसतं. हे दाजींना मी अजून सांगितलेलं नाही.

एवढं लिहून झाल्यावर तुमचा प्रश्न परत वाचला, तर खाली वय लिहिलंय, 23. मग वरचं निम्मं बाजूला ठेवा. तेविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाणार हे कुणालाच सांगता येत नाही. आज पुढे भराल, तिशीत त्या लावलेल्या केसांच्या मागची जागा मोकळी होईल, मधे रिकामं आणि पुढे झुडपांची एक रांग, आणि मानेमागचा साठा खर्च झालेला. आधी डॉक्टरकडून औषध, दोन-चार वर्षं बघणं, मग ठरवणं.

माझा भाचा, म्हणजे दाजींचा मुलगा, 22 चा आहे. मागच्या दिवाळीत दाजींचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, ना राम राम ना काही, फक्त "त्या डॉक्टरचा नंबर द्या". मी नंबर दिला आणि जे तुम्हाला सांगितलं तेच कळवलं, आत्ता कापाकापी नको. डॉक्टरांनीही तेच सांगून परत पाठवलं. दाजींना वाटतं, मी आधीच फोन करून ठेवला होता, फेट्याचा वचपा काढायला. वाटू दे.